जंगलातल्या कमी उंचीच्या डोंगरांतून एका दिवसाची बाईक राईड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हजारेक मीटर उंचीचे, झाडीने भरलेले डोंगर, त्यांतून जाणारा अरुंद डांबरी रस्ता, सकाळी निघायचं आणि संध्याकाळी घरी परत. या पानावरचे प्रश्न अशाच राईडबद्दलचे आहेत. हवा विरळ होत नाही, चढही अंगावर येत नाहीत, म्हणून हे रस्ते सोपे समजले जातात. खरी अडचण वेगळीच असते. झाडीमुळे पुढचं दिसत नाही आणि सावलीमुळे रस्त्याची पकड दर वळणाला बदलते. खालची बरीचशी उत्तरं या दोन गोष्टींवरच येऊन थांबतात.

एका दिवसात किती किलोमीटर धरावेत?

नागमोडी भाग १२० ते १५० किलोमीटर आणि तिथवर जाण्यायेण्याचा सरळ रस्ता धरून एकूण २०० ते २५०. यापेक्षा जास्त ठरवलं की शेवटचे पन्नास किलोमीटर फक्त उरकायचे म्हणून चालवले जातात. डोंगरातल्या रस्त्यावर थांबे धरून सरासरी ताशी ३० ते ३५ किलोमीटरच पडते. म्हणजे १३० किलोमीटरला चार तास लागतात. नकाशाचं अ‍ॅप दाखवतं त्या वेळेत किमान पाव वेळ वाढवा.

हिशोब सूर्यास्तापासून उलटा करा. सूर्यास्ताच्या दीड तास आधी घाट संपलेला असावा. दरीत ऊन लवकर सरतं आणि दाट झाडीखाली त्याहून आधी अंधारतं. घड्याळात संध्याकाळ व्हायची असते, पण रस्त्यावरची खडी दिसेनाशी झालेली असते.

गोल रस्ता असेल तर कुठल्या बाजूने सुरुवात करावी?

सूर्य पाठीशी राहील अशी. सकाळी पश्चिमेकडे आणि दुपारनंतर पूर्वेकडे तोंड असेल, तर तिरकं ऊन थेट डोळ्यांत येत नाही. (समोरून येणाऱ्या वाहनचालकाच्या डोळ्यांवर मात्र ऊन येत असतं, त्यामुळे त्याने तुम्हाला पाहिलंच आहे असं धरू नका.)

सर्वांत वळणदार टप्पा सकाळी उशिरा यावा, सूर्योदयानंतर दोन-तीन तासांनी. तोवर दव वाळलेलं असतं, टायर गरम झालेले असतात आणि डोकंही ताजं असतं. जेवणानंतरचा तास सरळ, मोकळ्या रस्त्याला ठेवा.

कोणती बाईक लागते?

जी तुमच्याकडे आहे ती. १२५ ते ४०० सीसीची कुठलीही निरोगी बाईक पुरते. या वेगांत ताकदीपेक्षा कमी वजन, चांगले ब्रेक आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधली मऊ ओढ जास्त कामाला येते. अवजड बाईक अरुंद हेअरपिनवर (रस्ता जवळपास उलटा फिरतो अशा वळणावर) आणि उतारावर उलटी वळवताना दमवते. नवीन बाईक घेऊन पहिल्याच आठवड्यात इथे येऊ नका. क्लच कुठे पकडतो आणि पुढचा ब्रेक किती दाबल्यावर किती लागतो, हे हाताला आधी पाठ झालेलं हवं.

आदल्या दिवशी काय काय तपासायचं?

टायरपासून सुरुवात करा. हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे बाईक निदान तीन तास उभी असताना. चालवून गरम झालेल्या टायरमध्ये ३ ते ५ पीएसआय जास्त दिसतात आणि त्यावरून हवा कमी केली तर सकाळी टायर मऊ पडतो. योग्य आकडा पुस्तिकेत किंवा चेनगार्ड आणि स्विंगआर्मजवळच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याजवळच्या) स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तो भरायचा नसतो. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर संपला. ओल्या जंगलरस्त्यासाठी २ मिलिमीटरलाच बदलावा. खाचा भरपूर दिसल्या तरी वय बघा. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनं रबर कडक होतं आणि ओल्या वळणावर काही न सांगता सुटतं.

चेनचा ढिलेपणा खालच्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) मधोमध बोटाने वरखाली करून मोजा. बहुतेक रस्त्यावरच्या बाईकना २० ते ३५ मिलिमीटर लागतात, नेमका आकडा पुस्तिकेतला घ्या. चाक हळूहळू फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सर्वांत घट्ट लागते तिथलं माप धरायचं. घट्ट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट. बसल्यावर आणि खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की ती आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर येतो.

ब्रेक पॅडचं मटेरियल १.५ मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल तर पॅड आताच बदला. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ हा त्याचा नेहमीचा प्रकार ताजा असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. लांब उतारावर नेमका हाच फरक नडतो.

शेवटी हेडलाइट, दोन्ही ब्रेकनी लागणारा मागचा दिवा, इंडिकेटर आणि हॉर्न. आंधळ्या वळणावर हॉर्न हा सुरक्षेचाच भाग आहे.

चांगल्या पकडीसाठी टायरची हवा थोडी कमी करावी का?

डांबरी रस्त्यावर नाही. हवा कमी झाली की बाईक वळणात जड आणि उशिरा झुकते, आणि खड्ड्याच्या धारेवर रिम वाकण्याची भीती वाढते. कच्च्या मातीवर हवा कमी करण्याला अर्थ आहे, पण मग परत भरायचा पंप सोबत हवा.

पेट्रोलचा हिशोब कसा लावायचा?

डोंगरात नेहमीच्या मायलेजपेक्षा २० टक्के कमी धरा. टाकी १२ लिटरची, त्यातले २ लिटर राखीव आणि नेहमीचं मायलेज ३५ असेल, तर १० गुणिले २८ म्हणजे २८० किलोमीटर. जंगलाच्या पट्ट्यात पंप विरळ असतात, असले तरी बंद असू शकतात. म्हणून डोंगर सुरू होण्याआधीच्या शेवटच्या पंपावर टाकी भरायची आणि मध्ये अर्ध्यावर आली की मिळेल तिथे परत भरायची. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल बाळगू नका.

जंगलातल्या वळणांवर नेमका धोका कुठे असतो?

डोंगराच्या अंगाने जाणारा रस्ता दोन प्रकारची वळणं आळीपाळीने घेतो, आणि ही दोन ओळखता आली की अर्धं काम झालं.

पहिलं सोंडेवरचं वळण. रस्ता डोंगराच्या पुढे आलेल्या नाकाला वळसा घालतो, डोंगर वळणाच्या आतल्या बाजूला येतो आणि समोरचं सगळं झाकतो. इथे वारा-ऊन लागत असल्याने डांबर बहुधा कोरडं असतं. धोका समोरून येणाऱ्याचा असतो, कारण वळण कापून तुमच्या लेनमध्ये येणारी गाडी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. कापलेल्या दरडीतून सुटलेले दगडही आतल्या कडेला पडलेले असतात.

दुसरं घळीतलं वळण. इथे रस्ता दोन सोंडांच्या मधल्या घडीत शिरून बाहेर पडतो. झाडी फार दाट नसेल तर घळीपलीकडचा रस्ता आणि त्यावरून येणारी गाडी आधीच दिसते. म्हणजे दृष्टी चांगली, पण रस्ता वाईट. घडीच्या टोकाला मोरी असते, वरून ओहळ उतरतो, ऊन पोचत नाही. तिथे शेवाळ धरतं, पालापाचोळा साचतो, आणि पावसाने मोरी तुंबली की पाणी रस्त्यावरून वाहतं आणि जाताना गाळ, बारीक खडी मागे ठेवतं. शेवाळ डांबरावर काळपट हिरव्या पट्ट्यासारखं दिसतं आणि बहुतेकदा ते चाकांच्या दोन पट्ट्यांच्या मधे किंवा कडेला असतं. गाड्यांची चाकं जिथून जातात तो पट्टा घासून स्वच्छ राहतो, बाईक तिथे ठेवायची.

म्हणून सोंडेवर वेग दृष्टीसाठी कमी करायचा आणि घळीत पकडीसाठी. घळीतून वळताना बाईक कमीत कमी झुकवा, ब्रेक मोरीच्या आधी संपवा आणि मोरीवरून थ्रॉटल स्थिर ठेवून पार व्हा.

याशिवाय कच्चा रस्ता डांबराला मिळतो त्या तोंडापुढची दहा-पंधरा मीटर माती, झाडाखाली पडलेली फुलं-फळं, पुलावरची लोखंडी जोडपट्टी आणि रस्त्यावर आखलेल्या ओल्या पांढऱ्या पट्ट्या. हे सगळं सरळ उभ्या बाईकवरून ओलांडायचं असतं.

वळणापलीकडचं दिसत नसेल तर वेग किती ठेवायचा?

दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल इतका. रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा असेल तर त्याच्या निम्म्यात, कारण समोरच्यालाही थांबायला जागा लागते.

आकडे डोक्यात असलेले बरे. ब्रेक लावायचं सुचून हात हलेपर्यंत दीड सेकंद धरला, तर कोरड्या सपाट डांबरावर चांगल्या टायरची बाईक ताशी ४० किलोमीटरवरून थांबायला साधारण २५ मीटर घेते, ६० वरून ४५ आणि ८० वरून जवळपास ७०. वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. रस्ता ओला असेल तर ६० वरचं नुसतं ब्रेकचं अंतर २० मीटरवरून ३५ मीटरच्या आसपास जातं. दहा टक्के उतारावर कोरड्यातही तेच २० चं २३ होतं.

किती दिसतंय हे मोजायची सोपी खूण आहे. पुढे रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूवर नजर ठेवा. तो बिंदू तुमच्याकडे सरकत असेल तर वळण आवळतंय, वेग कमी करा. तितक्याच अंतरावर राहत असेल तर वेग बरोबर आहे. पुढे पळू लागला की वळण उलगडतंय, आता थ्रॉटल द्यायला हरकत नाही. झाडांच्या किंवा विजेच्या खांबांच्या रांगेवरून अंदाज बांधू नका. तारा अनेकदा दरी ओलांडून सरळ जातात आणि रस्ता वळतो.

वळणात वेग जास्त झाल्याचं लक्षात आलं तर?

नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर न्या आणि आतल्या बाजूचा हँडलबार पुढे ढकला. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूची मूठ पुढे ढकलली की बाईक तिकडे झुकते. घाबरून कठड्याकडे पाहिलं की बाईक कठड्याकडेच जाते. पुढचा ब्रेक झटक्यात दाबला तर झुकलेल्या बाईकचं पुढचं चाक सरकतं. एबीएस असलं तरी झुकलेल्या अवस्थेत ते पूर्ण वाचवतंच असं नाही. बहुतेक वेळा चालकाची हिंमत संपते तेव्हा टायरची पकड शिल्लक असते, म्हणून आणखी झुकवणं हाच खरा उपाय. पुढे सरळ जागा मोकळी असेल तर मात्र बाईक उभी करून जोरात ब्रेक लावता येतो.

हेअरपिन वळण कसं घ्यायचं?

पंधरा मीटर त्रिज्येच्या हेअरपिनवर ताशी ३० किलोमीटरला बाईक साधारण २५ अंश झुकावी लागते. ताशी ४० ला ४० अंश. नुसत्या दहा किलोमीटरचा फरक सरावाच्या राईडला सर्कशीत नेतो, म्हणून इथे गिअर आणि वेग वळणाआधीच ठरवायचा.

चढावर: पहिला किंवा दुसरा गिअर आधीच घ्या, वळणाच्या बाहेरच्या बाजूने आत शिरा, हनुवटी वळवून थेट वरच्या रस्त्याकडे बघा. थ्रॉटल अजिबात बंद करू नका. चढावर वेग तुटला की बाईक आतल्या बाजूला कलंडते आणि तिथे पाय जमिनीला पोचत नाही, कारण आतली कड सर्वांत उभी असते. क्लच अर्धा दाबून आणि मागचा ब्रेक हलका धरून वेग सांभाळा. समोरून बस किंवा ट्रक येत असेल तर वळणाच्या खालीच, सरळ भागात थांबून त्याला जाऊ द्या. त्याला पूर्ण रस्ता लागतो.

उतारावर: सगळा मोठा ब्रेक सरळ रस्त्यावर उरकून घ्या. वळणात फक्त मागचा ब्रेक, तोही हलका. क्लच दाबून घरंगळत वळू नका, इंजिनाचा अडसर गेला की बाईक वेग धरते.

लांब उतारावर ब्रेक मऊ पडला, लिव्हर हँडलपर्यंत आला. काय करू?

ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की असं होतं. लिव्हर भरभर तीन-चारदा दाबून सोडा, थोडा दाब परत येतो. मागचा ब्रेक आणि एकेक खालचा गिअर वापरून थांबा. अर्धा तास डिस्क थंड होऊ द्या, त्यावर पाणी ओतू नका, गरम डिस्क वाकू शकते. लिव्हर घट्ट असूनही बाईक थांबत नसेल तर दोष ऑइलचा नाही, पॅड तापून निसटत आहेत. उपाय तोच, थंड होऊ देणं.

ही वेळ येऊ नये म्हणून जो गिअर चढायला लागला असता त्यातच उतरा. ब्रेक सतत हलका धरून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ ठामपणे दाबून पूर्ण सोडा. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. इंजिन बंद करून उतरणं पेट्रोल वाचवत नाही. इंजेक्शनच्या बाईकमध्ये गिअरमध्ये थ्रॉटल बंद असताना पेट्रोल जवळपास थांबतंच.

ऑटोमॅटिक स्कूटर चालेल का?

चालेल, एक गोष्ट लक्षात ठेवून. स्कूटरचा क्लच वेगाने आपोआप लागतो आणि वेग फार उतरला की आपोआप सुटतो. सुटला की इंजिनाचा अडसर शून्य आणि सगळा भार ब्रेकवर. तीव्र उतारावर स्कूटर मोकळी धावतेय असं वाटलं तर क्षणभर थोडा थ्रॉटल द्या, क्लच परत पकडतो. लहान चाकं खड्ड्यात खोल जातात, तेव्हा वेग बाईकपेक्षा कमीच ठेवा.

ऊन-सावलीच्या पट्ट्यांत रस्ता नीट दिसत नाही. काळा व्हायझर लावू का?

नका लावू. लख्ख उन्हातून गर्द सावलीत शिरताना डोळ्यांना जुळवून घ्यायला काही सेकंद लागतात आणि खड्डा नेमका तिथेच असतो. काळी काच ही वेळ वाढवते. आपोआप रंग बदलणाऱ्या काचाही तितक्या झटपट उजळत नाहीत. स्वच्छ पारदर्शक व्हायझर आणि हेल्मेटच्या आत खाली ओढता येणारी काळी पट्टी ही जोडी उत्तम, सावलीच्या आधी पट्टी वर. दिवसाही हेडलाइट चालू ठेवा. व्हायझरवर किडे साचले तर कोरड्या फडक्याने घासू नका, ओलं फडकं दोन मिनिटं ठेवून मग पुसा.

पाऊस किंवा धुकं लागलं तर?

कोरड्या काळानंतरच्या पहिल्या पावसाची पहिली पंधरा-वीस मिनिटं सर्वांत घसरडी. धूळ, ऑइल आणि पाणी मिळून रस्त्यावर चिकट थर बसतो. तेवढा वेळ थांबता आलं तर थांबा, पण एकट्या झाडाखाली किंवा दरडीखाली नको. पाऊस थांबला तरी झाडं पुढे बराच वेळ ठिबकत राहतात, म्हणून उघड्यावर वाळलेला रस्ता झाडीत ओलाच असतो. ओल्यात वेग पाव-तृतीयांश कमी करा आणि हाताच्या सगळ्या हालचाली हळू करा.

धुक्यात लो बीम. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. रस्त्याच्या आपल्या कडेच्या रेषेच्या आधाराने चला. मधल्या रेषेच्या आधाराने चालणारे समोरूनही येत असतात.

रस्त्यावरून वाहणारं पाणी मातकट असेल आणि तळ दिसत नसेल, तर चालत पार करून बघा. चालताना पाय ओढला जात असेल तर बाईक नेऊ नका, परत फिरा.

रानातले प्राणी आडवे आले तर?

पहाटे आणि संध्याकाळी ही शक्यता सर्वाधिक. हरणासारखे कळपातले प्राणी एकामागून एक रस्ता ओलांडतात. एक गेलं की दुसरं येणार असं धरून वेग उतरवा. अचानक आलं तर बाईक सरळ ठेवून जोरात ब्रेक लावा, बगल देऊ नका. बगल देताना बहुतेक जण कठड्यात किंवा समोरच्या गाडीत जातात. गाई-म्हशींच्या मागच्या बाजूने जा. अंगावर धावणाऱ्या कुत्र्यासाठी आधी वेग कमी करा आणि तो जवळ आला की वाढवा, त्याचा अंदाज चुकतो. माकडांना खायला देऊ नका, त्यामुळे ती रस्त्यावर बसायला शिकतात आणि गाड्यांखाली मरतात. मोठा प्राणी दिसला तर लांब थांबा, इंजिन चालू ठेवा, तो जाईपर्यंत हॉर्न नको.

कपडे कसे असावेत?

उंचीनुसार तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, वर चालत्या बाईकवरचा वारा. पातळ थर एकावर एक घाला, बाहेरचा थर वारा अडवणारा हवा. फुल फेस हेल्मेट, खांदा-कोपर-पाठीला पॅड असलेलं जॅकेट, पूर्ण बोटांचे ग्लोव्हज, गुडघ्याला पॅड आणि घोटा झाकणारे बूट. हेल्मेटवर ईसीई २२.०६ किंवा तुमच्या देशातल्या मानकाचं चिन्ह असावं. एकदा आपटलेलं हेल्मेट, बाहेरून धड दिसलं तरी, बाद. ग्लोव्हजचा दुसरा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ओले थंड हात क्लचवर नीट चालत नाहीत.

मागे कोणी बसणार असेल तर काय बदलतं?

मागच्या टायरची हवा आणि मागचं सस्पेन्शन पुस्तिकेत दोघांसाठी दिलेल्या आकड्यावर आणा. हेडलाइट खाली वळवा, कारण मागे बाईक दबते. ब्रेकचं अंतर वाढतं आणि उतारावर मागच्याचं वजन पुढे येतं, म्हणून त्याने टाकीवर हात टेकावेत. वळणात त्याने चालकाच्या आतल्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघावं. तेवढं केलं की त्याचं अंग आपोआप बरोबर झुकतं.

गटाने जायचं तर?

पाच-सहा बाईकपेक्षा जास्त नकोत. सरळ रस्त्यावर आळीपाळीने तिरकं, पुढच्यापासून दोन सेकंद मागे. वळणं सुरू झाली की एका ओळीत आणि अंतर आणखी वाढवून. सर्वांत नवखा दुसऱ्या क्रमांकावर असावा, शेवटी नाही. शेवटच्याला गट गाठायला नेहमीच जास्त वेगाने यावं लागतं. प्रत्येकाने मागच्याकडे लक्ष ठेवायचं. फाट्यावर मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. एवढ्या एका नियमाने हरवणं बंद होतं.

पंक्चर झालं तर रस्त्यावर काढता येतं का?

ट्यूबलेस असेल तर वीस मिनिटांत. खिळा लगेच उपटू नका, आधी किट उघडून सगळं हाताशी घ्या आणि खिळा कुठल्या कोनात शिरलाय ते बघा. पक्कडीने काढा. त्याच कोनात कानसाचा टोचा तीन-चार वेळा आतबाहेर करा, यामुळे भोकाच्या कडा खरखरीत होऊन डिंक धरतो. रबराची वात सुईत मधोमध ओवा, दोन्ही टोकं बाहेर साधारण एक सेंटिमीटर उरेपर्यंत दाबा आणि सुई झटक्यात ओढून काढा. वरचं टोक ५ मिलिमीटर ठेवून कापा. हवा भरा, थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं असेल किंवा टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल, तर वात लावू नका. घरी येईपर्यंत वेग कमी, नंतर टायर उतरवून आतून ठिगळ.

हवेसाठी बॅटरीवरचा छोटा पंप घ्या. १६ ग्रॅमची गॅसची एक नळी मागच्या टायरला पुरत नाही, दोन-तीन लागतात.

स्पोकच्या चाकात ट्यूब असते. चाक उतरवायचा पाना, दोन टायर लिव्हर आणि नवी ट्यूब बरोबर असेल आणि घरी एकदा सराव केलेला असेल, तरच तो घाट घाला.

बाईक अचानक सुरू होईना. आधी काय बघू?

किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण. मग साइड स्टँड पूर्ण वर आहे का, न्यूट्रल लागलाय का, क्लच दाबलाय का. डॅशबोर्डचे दिवेच लागत नसतील तर मुख्य फ्यूज आणि बॅटरीचे ढिले स्क्रू. बाईक पडून उठवल्यावर सुरू होत नसेल तर चावी बंद करून पुन्हा फिरवा. कलल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर अनेक बाईकमध्ये असतो आणि तो असाच पूर्ववत होतो.

सोबत ठेवायचं सामान थोडंच: फ्यूज, क्लच केबल, चेनची जोडकडी, बाईकच्या मापाचे पाने, इन्शुलेशन टेप, प्लास्टिकचे झिप टाय, डोक्याला लावायची बॅटरी. जोडकडीची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं, उलटी बसली तर निघून पडते.

पडलो तर पहिल्या दहा मिनिटांत काय?

रस्त्यावरून बाजूला व्हा, इंजिन बंद करा. सोबतच्यांपैकी एकाने वळणाच्या एका बाजूला, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूला जाऊन गाड्यांना इशारा द्यावा. आंधळ्या वळणावर दुसरा अपघात पहिल्यापेक्षा मोठा होतो. जखमीचं हेल्मेट काढू नका. श्वास अडत असेल तरच, आणि तेही दोघांनी, एकाने मान स्थिर धरून.

कोणाला लागलं नसेल तर बाईक उचला. स्टँडच्या विरुद्ध बाजूला पडली असेल तर आधी स्टँड बाहेर काढा, गिअरमध्ये ठेवा. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा, पाठ सीटला लावा, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची चौकट धरून लहान पावलांनी मागे रेटा. जोर पायांचा, कमरेचा नाही. निघण्याआधी दोन्ही ब्रेक, हँडलचा सरळपणा, पेट्रोल-ऑइलची गळती आणि थ्रॉटल सोडल्यावर परत येतो का ते बघा. हात थरथरत असतील तर अर्धा तास बसा.

फोटोसाठी कुठे थांबावं?

दोन्ही बाजूंनी शंभरेक मीटर दिसेल अशा सरळ भागात, रस्त्याच्या पूर्ण बाहेर. वळणाच्या टोकावर दृश्य सर्वांत चांगलं असतं आणि थांबायला तीच जागा सर्वांत वाईट. वाळल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर बाईक लावू नका, तापलेल्या सायलेन्सरने वणवा लागतो. उतारावर तोंड चढाकडे आणि पहिला गिअर. तोंड खाली असलं की स्टँड मिटून बाईक पुढे पडते. मऊ मातीत स्टँडखाली चपटा दगड ठेवा.

फोनला रेंज नसते. मग?

नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि मुख्य फाट्यांची नावं कागदावर लिहून टाकीच्या पिशवीत ठेवा. घरच्या एकाला रस्ता आणि परतीची वेळ सांगा, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी शोध सुरू करायचा तेही ठरवा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून बघा. मोबाइल दुसऱ्या कुठल्याही उपलब्ध नेटवर्कवरून हा आपत्कालीन कॉल जोडायचा प्रयत्न करतो. रेंज शोधायला दरीतून सोंडेवर या. फोन विमान मोडवर ठेवला तर बॅटरी टिकते, जीपीएस बहुतेक फोनमध्ये तरीही चालतं.

किती वेळाने थांबावं?

तासा-सव्वा तासाने, तहान नसली तरी पेलाभर पाणी. गिअर चुकू लागले, वळणातून बाईक रेषेच्या बाहेर निघू लागली किंवा मागच्या पाच मिनिटांतला रस्ता आठवेना, तर पुढच्या थांब्याची वाट न बघता थांबा.

घरी आल्यावर लगेच करायचं काही?

चेन गरम असतानाच तिला ल्यूब लावा, कडीच्या आत ते चांगलं शिरतं. रात्रभर मुरू द्या, जास्तीचं सकाळी पुसा. चिखलातून आला असाल तर आधी रॉकेल किंवा चेन क्लीनरने धुऊन वाळवा. दोन्ही टायर हळूहळू फिरवत खाचांत अडकलेले अणकुचीदार खडे स्क्रूड्रायव्हरने काढा. ते राहिले तर पुढच्या राईडला आत शिरतात. रेडिएटर किंवा ऑइल कूलरच्या जाळीत किडे आणि बारीक पानं अडकलेली असतात, ती पाण्याच्या हलक्या धारेने मागून पुढे धुवा. जोराचा फवारा मारलात तर पत्रे मुडपतात.